रिकाम्या वाड्यांची नोंद कायद्याने व्हावी

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : महानगरपालिका हद्दीतील रिकाम्या व दुर्लक्षित इमारतींची नोंद आणि देखरेख यांसाठी अधिनियमात दुरुस्ती करण्याबाबत

मा. महोदय,

पावसाळ्याच्या तोंडावर पुणे महानगरपालिका धोकादायक वाड्यांची यादी करते, त्यांची वर्गवारी लावते आणि दारांवर नोटिसा चिकटवते. ज्या वाड्यात माणसे राहतात, तेथे ती नोटीस वाचणारे, तिच्यावरून भांडणारे, प्रसंगी कोर्टात जाणारे कोणीतरी असते. कसबा, शनिवार, नारायण, बुधवार या पेठांतील ज्या वाड्यांना वर्षानुवर्षे कुलूप आहे, तेथे मात्र नोटीस कोणाला बजावली, याचे उत्तर खुद्द महापालिकेलाही देता येत नाही. या कुलूपबंद वाड्यांविषयीच मी आपणांस लिहीत आहे. भाडेकरू राहत असलेल्या वाड्यांचा प्रश्न मोठा आहे, पण तो वेगळा आहे आणि दोन्हींची सरमिसळ झाल्यानेच रिकाम्या वाड्यांकडे कोणाचे लक्ष जात नाही.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 प्रमाणे मोडकळीस आलेली, पडण्याच्या बेतात असलेली किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यास धोकादायक इमारत पाडण्यास वा दुरुस्त करण्यास आयुक्त मालकाला फर्मावू शकतात. अधिकार पुरेसा आहे, पण तो वापरता येतो तो इमारत पडायला टेकल्यावर. कुलूप लागल्यापासून त्या अवस्थेपर्यंत पंधरा-वीस वर्षे सहज जातात आणि त्या काळात ही इमारत कोणाच्याच दप्तरात नसते. वाड्याचा सांगाडा लाकडी आणि भिंती विटा-मातीच्या असतात. चार कौले सरकली की पाणी तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाशी मुरते, लाकूड तेथेच कुजते आणि रस्त्यावरून पाहणाऱ्या अभियंत्याला त्यातले काही दिसत नाही. पहिल्या दोन पावसाळ्यांत कौले शाकारली असती तर जे काम किरकोळ खर्चात झाले असते, त्याला पुढे पाडकामाशिवाय उपाय उरत नाही. शिवाय पेठांतले वाडे एकमेकांना खेटून आहेत आणि कित्येक ठिकाणी भिंत सामायिक आहे. त्यामुळे रिकाम्या वाड्यात मुरलेले पाणी नांदत्या शेजाऱ्याच्या घरात उतरते. चौकातले हौद आणि आड पावसात भरतात, त्यांत डास होतात, आणि आरोग्य निरीक्षकाला कुलपापुढे हात टेकावे लागतात.

एका ठिकाणी मात्र इमारत रिकामी असल्याची दखल याच अधिनियमाने घेतली आहे, आणि ती वाचून मला हसावे की रडावे ते कळेना. कराधान नियमांत इमारत रिकामी राहिल्यास मालमत्ता कराचा काही भाग परत देण्याची तरतूद आहे. भाडेकरू मिळेपर्यंत मालकाला दिलासा मिळावा, हा तिचा मूळ हेतू असावा आणि तो रास्तही आहे. परंतु सवलतीसाठी जी अवस्था दप्तरात नोंदता येते, ती देखरेखीसाठीही नोंदता यायला हवी. जपानमध्ये अशाच सवलतीचा उलटा परिणाम झाला होता. घर उभे असलेल्या 200 चौरस मीटरपर्यंतच्या निवासी जमिनीचे करपात्र मूल्य तेथे एक षष्ठांश धरले जाते, म्हणून लोक पडकी घरे पाडत नसत. 2015 पासून अमलात आलेल्या कायद्याने धोकादायक ठरलेल्या रिकाम्या घरांची ही सवलत काढून घेण्याची सोय केली आणि 2023 च्या दुरुस्तीने ती निगा न राखलेल्या घरांनाही लागू केली. त्या एका कायद्याने तेथली सगळी रिकामी घरे भरली असे नाही. 2023 च्या पाहणीत ती सुमारे 90 लाख निघाली. पण घर कोसळण्याआधी हस्तक्षेप करण्याची वाट तेथे तयार झाली.

आपल्याकडे पहिली अडचण मालक सापडण्याची आहे. मिळकतपत्रिकेवर पणजोबांचे नाव, वारसांची नोंद नाही, सोळा-सतरा हिस्सेदार, त्यांतले काही कोथरूडला तर काही अमेरिकेत आणि दोघांचा एकमेकांवर दावा, हे पेठांत नित्याचे आहे. म्हणून माझी विनंती अशी, की ठरावीक काळ, समजा एक वर्ष, वापरात नसलेली इमारत नोंदवणे हिस्सेदारांपैकी कोणावरही बंधनकारक करावे आणि शहरात राहणाऱ्या एका जबाबदार व्यक्तीचे नाव व पत्ता घ्यावा. कोणी नोंदवले नाही तर तोडलेली वीजजोडणी, बंद नळजोड आणि थकलेला कर यांवरून क्षेत्रीय कार्यालयाने स्वतः नोंद करावी. नोंद झालेल्या इमारतीचे छप्पर झाकणे, पाणी काढणे, दारे-खिडक्या बंद करणे एवढ्या कामांसाठी सूचना देऊन आत जाण्याचा अधिकार महापालिकेला असावा आणि त्या खर्चाचा बोजा व्याजासह मिळकतीवर चढवावा. मग सतरा वारसांच्या मागे धावण्याची गरज उरणार नाही; ज्या दिवशी कोणीतरी बांधकाम परवानगी मागायला येईल, त्या दिवशी तो वसूल होईल.

यावर मालकांचे म्हणणे मला ठाऊक आहे. दहा-वीस रुपये भाड्यात वाडा राखायचा कसा, ही त्यांची तक्रार खरी होती. पण भाडेकरू गेलेल्या वाड्याला ती लागू होत नाही. तेथे बहुतेकदा जागेचा भाव वाढण्याची किंवा भाऊबंदांपैकी कोणी थकण्याची वाट पाहिली जाते. भाडेकरूंच्या भीतीचा विचार मात्र अधिक गांभीर्याने व्हायला हवा. अर्धा वाडा रिकामा आणि अर्ध्यात दोन कुटुंबे असतील, तर रिकामेपणाची नोंद त्या कुटुंबांना बाहेर काढण्याचे हत्यार ठरू नये, असे कलमातच स्पष्ट लिहावे.

शनिवारवाड्याभोवतीच्या 100 मीटरांतील वाड्यांची गोष्ट निराळी आहे. केंद्राच्या 2010 च्या कायद्याने तेथे नवे बांधकाम होत नाही. दुरुस्ती होते, पण परवानगी घेऊन. त्या मालकांना वाट पाहूनही काही मिळणार नाही. त्यांच्यावर बोजा चढवण्याआधी दुरुस्तीची परवानगी वेळेत मिळावी म्हणून राज्याने केंद्राकडे पाठपुरावा केला पाहिजे.

बुधवार पेठेतील भिडे वाडा आपणांस माहीत आहे. 1848 मध्ये जेथे मुलींची शाळा सुरू झाली, ती वास्तू वर्षानुवर्षांच्या कोर्टकज्ज्यात इतकी खिळखिळी झाली, की अखेर डिसेंबर 2023 मध्ये ती पाडूनच स्मारकाचा मार्ग मोकळा करावा लागला. दावा चालू असताना छप्पर राखण्याची जबाबदारी कोणाची, हे आजही कोणत्याच कलमात नाही. माझ्या विनंतीतला कळीचा मुद्दा हाच आहे : मालकीचा वाद कितीही चालो, देखरेखीची कलमे त्यासाठी थांबू नयेत.

दुरुस्ती विधेयकाला वेळ लागेल, हे मी जाणतो. नोंदीचे काम मात्र त्यावाचून अडत नाही. कसबा-विश्रामबाग क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत कर, पाणी आणि वीज यांची दप्तरे ताडून रिकाम्या वाड्यांची पहिली यादी करण्याचे निर्देश आपण आयुक्तांना द्यावेत आणि ती यादी पुढील पावसाळ्यापूर्वी प्रसिद्ध व्हावी, ही विनंती.

आपला नम्र,
नारायण पेठेतील एक रहिवासी

प्रत : मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका