इंजेक्शन द्या, पण नाक धुणं बंद करायला सांगू नका

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्याच रक्तातला प्लेटलेटवाला भाग, म्हणजे पीआरपी, नाकात टोचला की सुकलेलं अस्तर नव्यासारखं होतं अशा जाहिराती हल्ली सारख्या दिसतात म्हणून लिहितोय. आमच्या हिला बारा वर्षं पीनस आहे, डॉक्टर त्याला अ‍ॅट्रोफिक ऱ्हायनायटिस म्हणतात. नाक आतून मोकळं पडतं तरी चोंदल्यासारखं वाटतं, हिरवट खपल्या धरतात आणि घाण वास सुटतो, तो वास आम्हा सगळ्यांना यायचा, तिलाच नाही, कारण या आजारात वास कळणंच जातं. तव्यावर बांगडा करपून धूर झाला तरी हिला पत्ता नसतो. लग्नाला गेलो की पदर नाकाला लावून मांडवाच्या अगदी कडेला बसते.

पीआरपी खोटं आहे असं मी म्हणत नाही. हातातनं रक्त घेतात, मशीनमधे फिरवून प्लेटलेटवाला भाग वेगळा काढतात आणि टर्बिनेटमधे, म्हणजे नाकाच्या आतल्या बाजूच्या उंचवट्यात, टोचतात. हिने तीन वेळा घेतलं, खपल्या खरंच कमी झाल्या, वास कळायला मात्र लागला नाही. यावरचे अभ्यास अजून थोड्या थोड्या पेशंटवरचेच आहेत हे कोणी आधी सांगत नाही. आणि काहीजण वर स्टेमसेलचं (मूळ पेशींचं) नाव लावून पैसे घेतात, ते प्रकरणच वेगळं, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2017 च्या गाइडलाइनप्रमाणे रक्ताचे वगैरे ठरावीक आजार सोडले तर स्टेमसेल फक्त ट्रायलमधे द्यायचं.

माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. जिथे इंजेक्शन घेतलं तिथे सांगितलं, आता नाक धुवायची गरज नाही. आम्ही बापडे ऐकलं. त्यात पावसाळा, दारात सुकटीचा वास, माशा घोंघावतायत, आणि एका सकाळी बेसिनमधे रक्ताबरोबर वळवळणारी अळी पडली. आमची ही ओरडली ते अजून कानात आहे. तशीच गाडी करून गोव्याला नेली, तिथल्या डॉक्टरांनी दोन दिवस अळ्या काढल्या आणि बजावलं की इंजेक्शन घ्या नाहीतर घेऊ नका, धुणं सोडायचं नाही. खायचा सोडा एक भाग, टाकणखार एक भाग, मीठ दोन भाग, उकळून कोमट केलेल्या पाण्यात, माप त्यांनीच लिहून दिलं.

आता ती रोज सकाळ-संध्याकाळ मागच्या पडवीत धुते, मी पाणी गरम करून देतो. अशी जाहिरात पुन्हा आली तर तिच्या शेजारीच एखाद्या कान-नाक-घसा डॉक्टरांकडून धुण्याची माहितीही छापा, एवढीच विनंती.

एक वाचक, देवगड