टाकाऊ म्हणून टाकू नका

संपादक महोदय,

जुने सिनेमे जपायची चर्चा अभिजात चित्रपटांपुढे सरकतच नाही. १९७० चा ‘मार्क ऑफ द डेव्हिल’ हा चेटकिणींच्या छळाचा पश्चिम जर्मन चित्रपट घ्या. अमेरिकेत तो लागला तेव्हा प्रेक्षकांना चक्क ओकारीच्या पिशव्या वाटल्या होत्या! कलेच्या नावाने आनंदीआनंदच. पण त्या काळचा बाजार आणि प्रेक्षक कळायला असा मसालाही हवाच.

या जातीच्या सिनेमांचा माग काढणे चिकाटीचे काम. निर्मात्याने गाशा गुंडाळलेला, लॅब बंद, निगेटिव्हला वाली नाही. देशोदेशी नाव निराळे आणि सेन्सॉरची कात्रीही निराळी. मग एका प्रिंटमधून चित्र, दुसरीतून जर्मन आवाज घेत ब्लू-रे डिस्कसाठी मूळ लांबी जुळवायची. जुन्या ईस्टमन कलर प्रिंटमधला निळा-हिरवा उडून नुसता गुलाबी उरतो. स्कॅन करून मूळ रंग संगणकावर सावरावा लागतो.

तक्रार एकच. काही डिस्कवर साफसफाईच्या नादात फिल्मचा दाणा, म्हणजे चित्रातले मूळचे बारीक कण, इतका घासलेला असतो की चेहरे मेणाचे वाटतात. त्यापेक्षा ओरखडे परवडले.

– एक सिनेमावेडा, पुणे