मोंढ्यातल्या तारा रद्दीत जाण्याआधी

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

साहेब, स. न. वि. वि.

आमच्या आजोबांचं परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारपेठेत, कापसाचं अडत (दलालीवर खरेदी-विक्रीचं) दुकान होतं. परवा माळा झाडताना पत्र्याची एक ट्रंक निघाली. वर वहीखाती, खाली जुन्या लेटरहेडांचा गठ्ठा. दुकानाच्या नावाखाली एका शब्दाचा 'तारेचा पत्ता', म्हणजे टेलिग्रामसाठीचा पत्ता, छापलेला. तारेत पत्त्यातल्या शब्दांचेही पैसे पडत, म्हणून व्यापारी फी भरून तारखात्याकडे असा एक शब्द नोंदवून ठेवत. तळाशी तारा. एका तारेत मजकूर दोनच शब्दांचा: 'डोन्ट सेल'. मुंबईच्या दलालाने पाठवलेली.

तार म्हटलं की लोकांना मयतच आठवते. तारवाल्याची सायकल दारात थांबली की पाकीट फोडायच्या आधीच घरात रडारड सुरू. मोंढ्यात मात्र त्याच सायकलकडे डोळे लागलेले असत.

आपल्या देशात तार १८५४ पासून सर्वसामान्यांसाठी खुली झाली. १८७० मध्ये मुंबई समुद्राखालच्या तारेने लंडनशी जोडली गेली आणि लिव्हरपूलचा कापसाचा भाव बोटीची वाट न बघता मुंबईत कळू लागला. आमच्याकडे १९०० साली मनमाड-सिकंदराबाद रेल्वे आली, रुळांच्या कडेने तारेचे खांब आले. जालना, सेलू, परभणी, नांदेड ही निजामाच्या मुलखातली गावं. रेल्वेने त्यांचा कापूस मुंबईकडे जायचा आणि मुंबईचा भाव तारेने इकडे यायचा.

फायदा कुणाचा झाला, हेही सांगतो, आजोबा माझेच असले तरी. रात्रभर बैलगाडी हाकून आलेल्या शेतकऱ्याला भाव ठाऊक नसे. अडत्याच्या खिशात सकाळची तार असे. रुमालाखाली बोटं दाबून सौदा व्हायचा तेव्हा एकाच बाजूला मुंबई माहीत होती. 'डोन्ट सेल'चा अर्थही तोच: आपला माल दाबून ठेवा. शेतकऱ्याला कुणी अशी तार केल्याचं मी तरी ऐकलं नाही.

एक गंमत. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद भाव तारेने मुंबईत येत, त्यांवर लोक पैसे लावत. मटक्यातलं ओपन-क्लोज तिथूनच आलं. या कागदांचं कधी प्रदर्शन भरवलंत, तर हे त्यात मांडायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा.

१५ जुलै २०१३ पासून तारसेवा बंद झाली. तेव्हा बातम्या आल्या त्या मुंबई-दिल्लीच्या. मराठवाड्याचा इतिहास म्हटलं की सरकारला १७ सप्टेंबर आठवतो. तो आठवायलाच हवा. पण मुलूख चालायचा कशावर, हे मोंढ्यांतल्या कागदांत आहे आणि जुनी दुकानं पाडून कॉम्प्लेक्स उभी राहताना ते कागद किलोवर जात आहेत. मी एका सरकारी कार्यालयात ट्रंकेबद्दल विचारलं. 'शंभर वर्षं झाली का?' म्हणाले. झाली नाहीत. मग, 'तोवर सांभाळा.'

मागणी मोठी नाही. जिल्ह्याजिल्ह्याच्या मोंढ्यांत दोन माणसं आणि एक स्कॅनर पाठवा. तारा, लेटरहेड, वहीखाती यांच्या प्रती काढा, मूळ कागद ज्याचे त्याला परत द्या. मोडी आणि उर्दू वाचणारं कुणी बरोबर असेल तर उत्तम. तारमास्तर म्हणून निवृत्त झालेली माणसं अजून गावोगाव आहेत. त्यांना बोलतं करा. तारयंत्राच्या कट्ट-कड्डवरून अक्षरं ओळखणारे कान पुन्हा मिळायचे नाहीत.

ट्रंक सध्या आमच्या पलंगाखाली आहे. घरातून दिवाळीपर्यंतची मुदत मिळाली आहे.

आपला,
सेलूच्या मोंढ्यातल्या एका अडत्याचा नातू