पाखरं खंय पडतत?

राजारामपुरी, कोल्हापूर
१६ फेब्रुवारी

प्रिय विज्या,

देवमासे बघायला मिरिस्साला जायचा तुझा बेत कळला. जा की, जरूर जा. श्रीलंकेच्या त्या टोकाशी निळे देवमासे किनाऱ्याच्या बऱ्यापैकी जवळून जातात. पण त्याआधी एकदा आपल्या दारातला समुद्र बघून घे लेका.

परवा मी आणि थोरला दादा फोंडा घाट उतरून सिंधुदुर्गातल्या निवतीला गेलो. सकाळी सातच्या आत होडीत. किनाऱ्यालगत डॉल्फिन दिसले, पाठीवर उंचवटा असलेले, आपल्याकडचे नेहमीचे. त्यांच्याभोवती चार-पाच होड्या घिरट्या घालत होत्या, शिट्ट्या काय, आरडाओरडा काय! आमच्या तांडेलाने तिकडे वळायलाच नकार दिला, बरं वाटलं.

पुढे निघालो तर होडीतले सगळे पाण्याकडे टक लावून बसलेले. तांडेल हसला. म्हणाला, "पाण्याकडे कित्याक बघतास? पाखरां खंय पडतत ता बघा." खरंच रे! तारली माशांचा थवा खालून हुसकला गेला की तो वर येतो आणि सुरय पक्षी त्याच्यावर तुटून पडतात. थव्याला हुसकणारी सुरमई असेल, नाहीतर देवमासा. रंकाळ्यावर आपण नदी सुरय बघायचो, पण इथले तुरेवाले सुरय अंगाने चांगलेच मोठे, चोच पिवळी. उंचावरून पंख मिटून धाडकन पाण्यात.

आणि मग स्कुआ नावाचा समुद्रपक्षी आला. हा पठ्ठ्या स्वतः फारसे कष्ट घेत नाही. सुरयाने मासा पकडला की त्याच्या मागे लागतो आणि गल्लीतल्या दादासारखी वसुली करतो. सुरय डावीकडे वळला, उजवीकडे वळला, शेवटी मासा टाकला, आणि तो पाण्यात पडायच्या आत स्कुआने झेलला. आमचा दादा उभा राहून टाळ्या वाजवायला लागला, होडी डुचमळली, तांडेलाच्या शिव्या खाल्ल्या.

तेवढ्यात पाखरांखालचं पाणी फुगलं. फुस्स असा मोठा आवाज, वाफेचा फवारा, मग लांबच लांब काळसर पाठ, आणि पार मागच्या बाजूला छोटासा वाकडा पर. ब्राइड्स व्हेल. चौदा-पंधरा मीटरपर्यंत वाढतो, उष्ण समुद्रातच राहतो, थंडीपायी दूर पळत नाही. बुडताना शेपटी वर काढत नाही, त्यामुळे फोटोवाल्यांची निराशा होते. तांडेलाने इंजिन बंद केलं. देवमासा दोनदा वर आला, वाऱ्यावर कुजक्या मासळीचा वास आला (हो, त्याचा श्वास!), आणि संपलं. त्या काही क्षणांसाठीच जायचं असेल तर पैसे वाया गेले म्हणशील. माझे पैसे स्कुआनेच वसूल करून दिले होते.

याच जिल्ह्यात कुणकेश्वरासमोर २०१५ मध्ये संशोधकांना निळे देवमासेही दिसले होते, सोबत पिल्लू होतं. पण इथं कोल्हापुरात देवमासा म्हटलं की लोकांना 'उलटी' विकताना पकडल्याच्या बातम्याच आठवतात. ती असते स्पर्म व्हेलच्या आतड्यातली, आणि तिचा व्यापार गुन्हा आहे, हे कट्ट्यावर कितीदा सांगायचं?

परतताना लांबून दीपगृहाचे खडक दिसले. तिथल्या गुहांत भारतीय पाकोळ्या ही छोटी पाखरं लाळेची घरटी बांधतात, आणि गुहेतल्या अंधारात टिकटिक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधतात. या घरट्यांचं सूप करून पितात, त्यासाठी त्यांची चोरी व्हायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने या पाखरांच्या रक्षणासाठी काम केलं. तिथं उतरायचा हट्ट मात्र धरू नकोस, लांबूनच बघू.

दुपारी वारा सुटला की लाटांना पांढरे तुरे येतात आणि फवारा ओळखू येत नाही, म्हणून पहाटेच निघायचं. दुर्बीण तुझी आण, माझ्या भिंगाला बुरशी लागलीय. पोट हलकं ठेव. दादाने मिसळ चापून खाल्ली होती, पुढचं सांगत नाही. होळीच्या आत कुठला रविवार जमतो ते कळव, तांडेलाला सांगून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सदा