अजून एक घडी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दिवसभर डोळ्यांवर झापड असते आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की डोळे टक्क उघडे, असं तू लिहिलं आहेस. दोन वर्षांपूर्वी माझं नेमकं हेच चाललं होतं. तेव्हा तुला कळवलं नाही, कारण बोट ठेवून दाखवावं असं काही दुखत नव्हतं. थकवा तेवढा हटत नव्हता. सुट्टी घेऊन दिवसभर लोळलो तरी संध्याकाळी जबडा आवळलेला आणि खांदे कानांपाशी चढलेले.

त्याच दिवसांत मी योगवर्गाला जाऊ लागलो. शरीराला चांगलं दमवलं की झोप येईल, असा माझा हिशेब होता. पहिल्याच आठवड्यात बाईंनी मला बाजूला घेतलं, एका लांबट लोडापुढे पाठ करून बसवलं आणि त्यावर मागे टेकायला सांगितलं. तळपाय एकमेकांना जुळवलेले, गुडघे दोन बाजूंना सोडलेले. सुप्त बद्धकोणासन. मांड्यांच्या आतून ताण बसत होता आणि तो मला आवडतही होता, कारण काहीतरी घडतंय असं वाटत होतं. "कुठे ओढ लागते?" बाईंनी विचारलं. मी मांडीवर हात ठेवला. त्यांनी चादरीची घडी करून गुडघ्यांखाली सरकवली. "आता?" थोडी आहे, म्हणालो. "मग अजून एक घडी." ओढ पुरती गेली तेव्हा त्या म्हणाल्या, "आता सुरुवात झाली."

तुला मनापासून सांगायचंय ते हेच. आधार घेऊन विश्रांती देणाऱ्या या योगप्रकारात ओढ जाणवली तर समजायचं की आधार कमी पडला. गुडघा अधांतरी असेल तर मांडीचा स्नायू तो धरून ठेवतो, मान अधांतरी असेल तर मानेचे स्नायू राबतात, आणि आपण पडून आहोत असं म्हणत असतानाही अर्धं शरीर पहाऱ्यावर असतं. लोड, उशा, चादरी, खुर्ची, भिंत हे सगळं त्या पहारेकऱ्यांना सुट्टी देण्यासाठी. पतंजलींचं 'स्थिरसुखमासनम्' आपण दोघांनीही शाळेत पाठ केलं होतं. त्याच्या पुढच्याच सूत्रात 'प्रयत्नशैथिल्य', म्हणजे प्रयत्न सैल सोडणं, हा शब्द आहे, तो मात्र मला त्या लोडावर पडल्यावर कळला. पंधराव्या शतकातली हठयोगप्रदीपिकाही शवासनाला 'श्रान्तिहरं चित्तविश्रान्तिकारकम्', थकवा घालवणारं आणि मनाला विश्रांती देणारं, म्हणते. म्हणजे विश्रांती हा आसनाचा हेतू असणं जुनंच आहे. साधनांचा एवढा बारकाईने विचार मात्र बी. के. एस. अय्यंगार यांनी केला. लहानपणी ते स्वतः आजारांनी खंगलेले होते. १९३७ साली ते पुण्यात शिकवायला आले आणि पुढे आजारी, अशक्त, वयस्कर माणसांनाही आसनात टिकता यावं म्हणून पट्टे, ठोकळे, खुर्च्या, लोड वापरू लागले. त्यांच्या शिष्या ज्युडिथ हॅन्सन लॅसाटर यांनी अमेरिकेत त्यातला विश्रांतीचा भाग वेगळा काढून शिकवला. आज 'रिस्टोरेटिव्ह योग' म्हणतात तो असा पसरला.

तू सुरुवात विपरीत करणीपासून कर. भिंतीला एक कूस लावून बस, मग पाठीवर वळत पाय भिंतीवर चढव. बसकट भिंतीला चिकटलीच पाहिजे असं नाही. पोटऱ्यांमागे किंवा गुडघ्यांमागे ओढ लागली तर वीतभर मागे सरक, गुडघे किंचित वाकव. कंबरेखाली घडी केलेली चादर घातलीस तर उत्तम, नाही घातलीस तरी चालेल. डोक्याखाली मात्र पातळ घडी हवीच, हनुवटी कपाळापेक्षा जराशी खाली राहील इतकी. हे मी पहिले कितीतरी दिवस सोडत होतो आणि मान का अवघडते ते कळत नव्हतं. हात शरीरापासून दूर, तळवे वर, डोळ्यांवर मऊ कापड. आणि अंगावर पांघरूण आधीच घे. निश्चल पडलं की शरीर थंड होतं, आणि दहाव्या मिनिटाला हुडहुडी भरली की सगळं मोडतं.

पाय वर असले की पायांतलं रक्त छातीकडे सहज परततं. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रोहिण्यांना तो वाढलेला दाब कळतो, त्या मेंदूला कळवतात, आणि मेंदू हृदयाला जरा सावकाश चालायला सांगतो. श्वासाचंही तसंच. श्वास सोडताना ठोके थोडे मंदावतात, म्हणून उच्छ्वास लांबला की बरं वाटतं. पण तो ओढूनताणून लांबवू नकोस. आधार नीट असेल तर पाच-सात मिनिटांत तो आपसूक लांबतो. मला तो क्षण आजही लख्ख आठवतो. पोट एकदम सैल पडलं आणि इतकी वर्षं मी ते आत ओढून धरलं होतं हे तेव्हाच समजलं.

पहिले काही दिवस मात्र जड जातील. अंग स्वस्थ झालं की डोकं धावू लागतं, राहिलेली कामं रांगेत उभी राहतात. त्यांच्याशी भांडू नकोस. मी टाचा भिंतीला कुठे टेकल्यात तेवढंच जाणवत राहायचो. दहा मिनिटांपासून सुरू कर, पंधरा-वीसपर्यंत जा. एका दिवशी एकच आसन पुरे. आणि झोपेच्या वेळेची वाट पाहू नकोस, संध्याकाळी काम संपल्या संपल्या कर. झोप यावी म्हणून करायला गेलास की 'आली का, आली का' अशी राखण सुरू होते. उठताना आधी पाय मुडप, कुशीवर वळ, थोडा वेळ तसाच राहा आणि हाताने जमीन रेटत उठ, डोकं शेवटी.

जेवणानंतर छातीत जळजळतं, असंही तू लिहिलंस. म्हणून पोट रिकामं असतानाच पाय वर कर. जळजळ असेल त्या दिवशी विपरीत करणी सोड आणि लोडाचं डोक्याकडचं टोक उशीने उंच करून सुप्त बद्धकोणासनात टेकून राहा. डोळ्यांचा काचबिंदू, पडद्याचा काही त्रास किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असेल तर पाय वर करण्याआधी डॉक्टरांना विचार. आणि महिना झाला तरी रात्री अशाच जात असतील तर डॉक्टरांकडे जाच. हे त्याला पर्याय म्हणून मी सांगत नाहीये.

चार दिवस करून बघ आणि मला लिही. झोप लागली की नाही ते एवढ्यात नको सांगूस. पडल्यावर शेवटपर्यंत कुठे ओढ राहिली ते लिही, म्हणजे घडी कुठे घालायची ते मला सांगता येईल.

तुझाच