टीपीएनची, म्हणजे शिरेतून द्यायच्या पोषणाची, पिशवी बनवणाऱ्या ताईंना

फार्मसीतल्या ताई,

बाळाला घरी आणून आज नववा दिवस, तरी अजून पहाटे दचकून जाग येते आणि पहिला विचार हाच की आजची पिशवी आली का. म्हणून आज लिहायलाच बसले.

आमचं बाळ २८ आठवड्यांचं, १ किलो ४० ग्रॅमचं. दूध पचत नव्हतं, सगळं पोषण शिरेतून. तुमच्याकडे हलवण्याआधी जिथे होतो तिथे डॉक्टर कागदावर लिहायचे, तो कागद कुणीतरी वहीत उतरवायचं, मग कॅल्क्युलेटर, मग फोनाफोनी. एक दिवस पोटॅशियमच्या आकड्यातला पॉइंट सुटला आणि दहापट झालं, सिस्टरांनी लेबल वाचलं म्हणून ती पिशवी लावायच्या आधी थांबली. त्या दिवशी बाळ रात्रीपर्यंत नुसत्या ग्लुकोजवर. विचारलं तर "होतं असं कधीकधी". अहो, जास्त पोटॅशियमने हृदय बंद पडतं! साधं सॉरी कुणी म्हटलं नाही. तो राग अजून गेलेला नाही माझा.

त्यामुळे तुमच्याकडे आल्यावर मी संशयानेच फार्मसीच्या खिडकीशी येऊन उभी राहिले. दुसऱ्या कुणी हाकललं असतं, तुम्ही स्क्रीन माझ्याकडे वळवलीत. डॉक्टरांनी वॉर्डातून भरलेलं थेट तिथे दिसत होतं, वजनावरून प्रत्येक घटकाचे मिली आपोआप निघत होते आणि एक ओळ लाल झाली होती. तुम्ही सांगितलंत, एवढ्याशा पाण्यात एवढं कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र मावत नाही, त्याचे कण होतात, आणि लिपिड, म्हणजे स्निग्ध पदार्थ, घातल्यावर पिशवी दुधासारखी पांढरी होते त्यामुळे ते कण डोळ्यांना दिसतही नाहीत. नंतर मी वाचलं की असल्याच कणांमुळे अमेरिकेत पेशंट दगावले होते आणि १९९४ साली तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, सगळ्यांना इशारा दिला होता. वाचून हात गार पडले. ती लाल ओळ तेवढ्यासाठी होती तर.

पण मी हे लिहितेय ते एका सकाळसाठी. कॉम्प्युटर रोज नवीन वजन मागायचा, जुनं चालवून घ्यायचा नाही. त्या दिवशी तुम्ही वजन फोनवर विचारलंत, ऑर्डर तपासलीत, आणि मग दोन जिने चढून वर आलात. मी बाळाच्या काचेच्या पेटीशी बसले होते. तुम्ही हळूच म्हणालात, "२० ग्रॅम वाढलाय हं, आज पिशवी त्या हिशोबाने." बस, एवढंच बोलून गेलात. अकरा दिवसांत मला कुणीतरी आपणहून येऊन सांगितलेली ती पहिली गोष्ट होती. पिशवी कुणासाठी बनतेय हे तुम्हाला माहीत होतं, त्याचे २० ग्रॅम तुम्हालाही मोठे वाटले होते. मी तिथेच रडले, तुम्ही गेल्यावर.

कॉम्प्युटर आणखीही बऱ्याच ठिकाणी असतील. आकडेमोडीतून सुटलेला वेळ तुम्ही जिने चढण्यात घालवलात. चांगुलपणा म्हणजे मला आता हेच आठवतं, कुणीही सांगितलेलं नसताना वर येणं. अशी माणसं प्रत्येक बाळाच्या वाट्याला येवोत.

आता तो पूर्ण दुधावर आहे. काल २ किलो १०० ग्रॅम भरला, तुम्हाला कळवायचं होतं.

तुमची,
पेटी नंबर ४ ची आई