'गॅस'ची बोट आणि सीसीचा हिशेब

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रेडिओवर चालणाऱ्या मोठ्या प्रतिकृती नौकांविषयी आलेला लेख माझ्या चिपळूणच्या भाच्याने मला फोटो काढून पाठवला आणि खाली एवढेच लिहिले, "मामा, मग मी 32 सीसीचे इंजिन मागवू का?" मी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या केंट गावी राहतो. हायड्रोप्लेन या शर्यतीच्या वेगवान नौकांचे संग्रहालय याच गावात आहे आणि त्या नौकांच्या पेट्रोलवर धावणाऱ्या प्रतिकृती करणाऱ्या मंडळींत माझी अनेक वर्षे ऊठबस आहे. भाच्याला उत्तर लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले की लेखातल्या दोन चुकांमुळे त्याच्यासारख्या इतर वाचकांचेही पैसे चुकीच्या इंजिनावर खर्च होऊ शकतील, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

पहिली चूक शब्दाची आहे. लेखात 'गॅस इंजिन' म्हटले आहे आणि बोटीतल्या छोट्या सिलिंडरमधून इंजिनाला वायू मिळतो, असा खुलासाही जोडला आहे. अमेरिकेत पेट्रोलला 'गॅसोलीन' म्हणतात आणि बोलताना त्याचे 'गॅस' होते. इथल्या छंदिष्टांची 'गॅस बोट' म्हणजे निव्वळ पेट्रोलची बोट. इंजिनाच्या माहितीपत्रकात सिलिंडरचा उल्लेख असतो तो पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्याचा, स्वयंपाकघरातल्या लाल टाकीचा नव्हे. मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या मिश्रणावर चालणाऱ्या लहान 'नायट्रो' इंजिनांपासून ही इंजिने वेगळी ओळखू यावीत म्हणून हे नाव रूढ झाले, इतकाच त्याचा इतिहास.

दुसरी चूक अधिक महाग पडणारी आहे. 'जितके सीसी जास्त तितकी बोट वेगवान, म्हणून परवडेल ते सर्वांत मोठे इंजिन घ्यावे' हा लेखातला सल्ला हायड्रोप्लेनच्या बाबतीत साफ दिशाभूल करणारा आहे. तो का, हे सांगण्यासाठी ही नौका पाण्यावर कशी धावते ते आधी पाहावे लागेल.

हायड्रोप्लेन वेगात आली की पाण्यावर तरंगत नाही, ती तीन ठिकाणी पाण्याला जेमतेम स्पर्श करत धावते. पुढे दोन बाजूंना असलेले दोन स्पॉन्सन, म्हणजे तळाचे बाहेर काढलेले भाग, हे त्यातले दोन स्पर्श आणि नौकेला ढकलणारा मागचा अर्धा बुडालेला पंखा (प्रोपेलर) हा तिसरा. मधल्या पोकळीत शिरलेली हवा नौकेला उचलून धरते. या रचनेची ताकद 26 जून 1950 रोजी सिएटलच्या वॉशिंग्टन सरोवरावर दिसली. टेड जोन्स यांनी आराखडा केलेली 'स्लो-मो-शन 4' ही नौका त्या दिवशी ताशी 160.323 मैल, म्हणजे सुमारे 258 किलोमीटर वेगाने धावली, आणि त्याच वर्षी तिने डेट्रॉइटची गोल्ड कप शर्यतही जिंकली. तिच्यात इंजिन होते ते दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांचे, अॅलिसन कंपनीचे बारा सिलिंडरचे. आजच्या मोठ्या हायड्रोप्लेन नौकांत लायकमिंगचे टी-55 टर्बाइन असते, ते मुळात चिनूक हेलिकॉप्टरसाठी बनलेले. दुसऱ्याच कामासाठी केलेले इंजिन आणून नौकेत बसवण्याची ही परंपरा प्रतिकृतींतही जशीच्या तशी उतरली आहे. आमच्याकडे सर्वाधिक वापरले जाणारे झेनोआ हे जपानी इंजिन ज्या घराण्यातले आहे, त्या घराण्याची बाकीची मंडळी गवत कापण्यात आणि पालापाचोळा उडवण्यात आयुष्य घालवतात. कोकणात आंबा-काजूच्या बागांतून फिरणारी ग्रास कटर यंत्रे पाहिलेल्यांना त्याचा आवाज ओळखीचा वाटेल.

आता सीसीचा हिशेब पाहू. तीस फुटी नौकेची सहाव्या हिश्श्याची प्रतिकृती पाच फुटांची होते, आणि एवढ्या नौकेसाठी साधारण 25.4 सीसी किंवा 31.8 सीसी अशा दोन मापांचा विचार होतो. दोन्हींत पिस्टनचा प्रवास 28 मिलिमीटरच असतो, नळकांड्याचा व्यास मात्र पहिल्यात 34 आणि दुसऱ्यात 38 मिलिमीटर. म्हणजे मोठ्या इंजिनात जागा पंचवीस टक्के वाढली. शक्तीही तेवढीच वाढली असे उदार मनाने धरले, तरी पाण्याचा आणि हवेचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. त्यामुळे पंचवीस टक्के जादा शक्तीतून वेग वाढतो तो जेमतेम आठ टक्के. ताशी 90 किलोमीटरचे 97 होतात. या सात किलोमीटरसाठी पिस्टन जड होतो, कंप वाढतो, उष्णता वाढते आणि पंख्याकडे जाणाऱ्या लवचीक तारेवरचा पीळही वाढतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. पंचवीस सीसीच्या मापाने बांधलेल्या माझ्या एका नौकेत मी हौसेने मोठे इंजिन बसवले होते. पहिल्या फेरीत वेग खरोखरच वाढला. दुसऱ्या फेरीत वाऱ्याची एक झुळूक पुढच्या भागाखाली शिरली, नाक उचलले गेले आणि नौका मागच्या मागे उलटून पाण्यावर आपटली. हायड्रोप्लेनचा हा जन्मजात दोष आहे. बिल मन्सी हे विख्यात चालक 1981 मध्ये अकापुल्को येथे अशाच अपघातात गेले आणि पुढच्या वर्षी डीन चेनोवेथ. प्रतिकृतीत माणूस नसतो एवढेच समाधान. नौकेचा तोल ज्या बिंदूवर सांभाळायचा तो स्पॉन्सनच्या मागच्या कडेपासून थोडासा मागे असावा लागतो, आणि दोन किलोच्या आसपास वजनाचे इंजिन बोटभर मागेपुढे सरकले तरी तो बिंदू हलतो. इंजिन निवडताना म्हणूनच मी आधी आराखडा उघडतो, इंजिनाची जागा मोजतो आणि सीसीचा आकडा सर्वांत शेवटी पाहतो.

वेग खरोखर ठरतो तो पंखा आणि फेरे यांच्या जोडीवर. ऑक्ट्युरा कंपनीच्या एक्स-467 या पंख्याच्या नावातच त्याची कुंडली आहे: व्यास 67 मिलिमीटर आणि एका फेऱ्यात पुढे सरकण्याचे अंतर व्यासाच्या 1.4 पट, म्हणजे सुमारे 94 मिलिमीटर. इंजिनाने मिनिटाला 16,000 फेरे घेतले तर कागदावर ताशी 90 किलोमीटर निघतात; पंखा पाण्यात घसरतो, त्यामुळे प्रत्यक्षात काही कमी. हायड्रोप्लेनचा पाण्याशी स्पर्श इतका थोडा असतो की एकदा ती वर आली की तिला जोरापेक्षा फेऱ्यांची भूक असते. व्ही आकाराच्या तळाची जड बोट पाणी कापत जाते, तिला पीळ देणारे मोठे इंजिन शोभते; लेखकाने बहुधा अशाच बोटीचा अनुभव हायड्रोप्लेनला लावला असावा. शिवाय हा पंखा विकत आणल्यावर तसाच बसवत नाहीत. तो कानशीने धारदार करावा लागतो आणि दोन्ही पात्यांचा तोल साधावा लागतो. या कामात घातलेल्या एका रविवारने जेवढा वेग मिळतो, तेवढा वाढीव सीसींनी मला कधी मिळालेला नाही.

फेरे वाढवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे ट्यून्ड पाइप. आरएक्स-100 वर जीव टाकणाऱ्या आपल्याकडच्या पिढीला टू-स्ट्रोक इंजिनाच्या पोट फुगलेल्या सायलेन्सरची महती सांगायला नको. जळालेला वायू बाहेर पडताना दाबाची जी लाट निघते, ती पाइपच्या निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण दार बंद होण्याआधी पुन्हा नळकांड्यात ढकलते. ही लाट नेमक्या वेळी परतावी म्हणून पाइपची लांबी फेऱ्यांशी जुळवावी लागते. लांबी कमी केली की जोर वरच्या फेऱ्यांवर सरकतो. अतिउत्साहात पाइप फार आखूड केला तर नौका मुळात पाण्यावर चढतच नाही, नुसती नांगर ओढल्यासारखी कण्हत राहते. इंजिनाची किंमत विचारताना त्याला जुळणारा पाइप, तो बसवायची जोडणी आणि नौकेत त्याला लागणारी जागा यांचाही हिशेब त्याच वेळी करावा.

भाच्याचा दुसरा प्रश्न होता की बागेतल्या ग्रास कटरचेच इंजिन का वापरू नये. घराणे एकच असले तरी त्या यंत्राचे इंजिन स्वतःच्या पंख्याच्या हवेवर थंड होते, आणि झाकलेल्या नौकेच्या पोटात ती हवा कुठून येणार? नौकेसाठीच्या इंजिनाच्या नळकांड्याभोवती पाण्याचे कवच असते. मागे लावलेल्या नळीतून वेगामुळेच पाणी आत ढकलले जाते आणि फिरून बाजूने बाहेर पडते, त्याला वेगळा पंप लागत नाही. त्यातही हल्लीची काही ग्रास कटर यंत्रे फोर-स्ट्रोक असतात. ती शांत आणि काटकसरी आहेत, पण झडपांमुळे आपल्याला हवे तितके फेरे घेत नाहीत. ती बागेतच राहू द्यावीत.

नवीन माणसाने कारखान्यातून आलेले, पोर्ट (नळकांड्यातली वायू ये-जा करण्याची दारे) न कोरलेले इंजिन घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. पोर्ट कोरून तयार केलेली इंजिने दुप्पट-तिप्पट किमतीला मिळतात आणि शर्यतीत ती जिंकतातही, पण त्यांना कार्बोरेटरच्या सुईच्या मापात क्षमा नसते. 28 मिलिमीटर प्रवासाचा पिस्टन 18,000 फेऱ्यांवर सेकंदाला सरासरी जवळजवळ 17 मीटर धावतो. तिथे मिश्रण जरा रोड झाले, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले, की पिस्टन वितळायला नौकेची एक फेरी पुरते. वॉलब्रो कंपनीच्या पडद्याच्या कार्बोरेटरला दोन सुया असतात. वरच्या फेऱ्यांची सुई आधी भरपूर उघडी ठेवून, धूर आणि आवाज पाहत थोडी थोडी बंद करावी. किनाऱ्यावर छान वाटलेले माप पाण्यात ओझे आले की बदलते, हेही ध्यानात ठेवावे.

इंधनाबाबत भारतातल्या वाचकांना एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. जुन्या स्कूटरला आपण लिटरमागे वीसेक मिलिलिटर टू-टी तेल घालत असू. इथे प्रमाण 25 ला 1, म्हणजे लिटरला 40 मिलिलिटर ठेवावे, कारण या इंजिनाच्या बेअरिंगना त्या तेलाखेरीज दुसरे वंगण नसते. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने मिश्रण रोड होते, म्हणून सुई थोडी अधिक उघडावी लागते. ते हवेतला ओलावा शोषते आणि कार्बोरेटरचा पातळ पडदा कडक करते. दिवस संपला की टाकी रिकामी करावी आणि उरलेले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन काही क्षण चालवून मगच नौका घरी न्यावी.

लेखात अजिबात न आलेली आणि माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे इंजिन बंद करण्याची सोय. या इंजिनाची ठिणगी फिरत्या चाकातल्या चुंबकातून तयार होते, तिला बॅटरी लागत नाही. रेडिओचा संपर्क तुटला किंवा नौकेतली बॅटरी संपली, तरी इंजिन आपल्या मर्जीने धावत राहते. बहुतेक हायड्रोप्लेनमध्ये क्लच नसतो, पंखा थेट इंजिनाला जोडलेला असतो. त्यामुळे ती पाण्यात उभीही राहत नाही. सात-आठ किलो वजन आणि मागे धारदार पंखा अशी वस्तू ताशी 80 किलोमीटरने काठाकडे येताना मी एकदा पाहिली आहे, आणि ते पुन्हा पाहण्याची इच्छा नाही. संपर्क तुटताच ठिणगी तोडणारा रेडिओ स्विच, प्रतिरोधक असलेला स्पार्क प्लग आणि 2.4 गिगाहर्ट्झचा संच हे तिन्ही इंजिनासोबतच घ्यावे. पैसे कमी पडत असतील तर इंजिनात कपात करावी, स्विचमध्ये नाही. धरणाच्या जलाशयावर किंवा गावतळ्यात पोहणारी मुले, गुरे आणि होड्या असतात तिथे ही नौका काढूच नये.

भाच्याला मी पाण्याने थंड होणारे 25.4 सीसीचे, कारखान्यातून जसे आले तसे इंजिन सुचवले आहे. या मापाचे सुटे भाग अनेक उत्पादक बनवतात आणि एकमेकांत बसतात, हेही त्यामागचे एक कारण. आपल्याला विनंती एवढीच, की पुढच्या रविवारी दुरुस्तीच्या चौकटीत 'गॅस'च्या जागी 'पेट्रोल' असे छापावे, आणि 'सर्वांत मोठे इंजिन घ्यावे' हे वाक्य मागे घ्यावे.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
केंट, वॉशिंग्टन राज्य, अमेरिका